भाकरीची चवड आणि मॅग्नेशियमची शीट

वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये मॅग्नेशियमची शीट वाकवताना पाहिली. कोपरा पुरता वळायच्या आतच बाहेरच्या अंगाला टचकन तडा गेला. दुसरी शीट २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून घेतली, तर ती मुकाट वळली. विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी घातलं की भाकरी फुटायची थांबते, त्याचीच आठवण झाली.

हा धातू भलताच हलका. घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियम २.७, पोलाद ७.८ च्या घरात. मग गाड्यांचे पत्रे याचे का नाहीत? उत्तर अणूंच्या षटकोनी रचनेत आहे. त्यांचे थर भाकरीच्या चवडीसारखे असतात. भाकऱ्या एकमेकींवरून सहज सरकतात, पण वरून दाबून चवड बुटकी होत नाही. शीट लाटताना बहुतेक स्फटिकांच्या चवडी आडव्याच बसतात. वाकवताना शीटला बाहेरच्या अंगाला पातळ व्हावं लागतं, ते जमत नाही आणि ती फाटते. तापवल्यावर थर इतर दिशांनाही सरकू लागतात.

मिसळणीत ॲल्युमिनियमचा मान पहिला. ओतकामाच्या लाडक्या एझेड९१ या मिश्रधातूत ते ९ टक्के, जस्त १ टक्का. ताकद वाढते, पण कणांच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, सीमांवर ठिसूळ संयुग साचतं, आणि १२० अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागतं. म्हणून शीटच्या एझेड३१ मध्ये ॲल्युमिनियम ३ टक्क्यांवरच थांबवतात. मँगनीज लोखंडाची अशुद्धी धरून गंजणं कमी करतं. झिर्कोनियम कण बारीक करतं, मात्र ॲल्युमिनियमसोबत नाही. दोघं एकमेकांनाच धरून बसतात.

मला खरी आशा कॅल्शियमकडून वाटते. एक टक्क्याहूनही कमी पुरतं. त्याचे मोठे अणू कणांच्या सीमांवर ठाण मांडतात, मग तापवताना नवे कण सगळे एकाच दिशेला मांडले जात नाहीत. चवडी तिरक्या होतात, शीट वळते. जोडीला थोडं जस्त असेल तर आणखी चांगलं. सिरियम, इट्रियम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यंही हेच करतात, पण ती महाग आणि कॅल्शियम चुनखडीतलं. वितळलेलं मॅग्नेशियम पेट घेण्याचा धोकाही त्याने कमी होतो. जास्त झालं तर मात्र तेही ठिसूळ संयुगं करतं.

चवडी तिरक्या झाल्या की शीट लवकर दबते, म्हणजे ताकद थोडी जाते. त्यावरही तोड निघाली आहे: काही नव्या मिश्रधातूंची शीट मऊ असताना वाकवायची, आणि गाडीचा रंग भट्टीत भाजताना त्याच उष्णतेत तिच्यात अतिसूक्ष्म अणुपुंज तयार होऊन ती कडक होते.