पाय वर गेला की खाली एकच उरतो: लाथेचा मागचा इतिहास

परवा सोसायटीच्या हॉलमधे पोरांचा कराटे क्लास चालू होता. एक दहा वर्षांचा पोरगा सरांच्या कानापर्यंत पाय नेऊन दाखवत होता आणि सगळ्या आया टाळ्या वाजवत होत्या. माझ्या शेजारी मामा बसलेला, कोल्हापुरात तालमीत उमेदीची वर्षं काढलेला माणूस, तो हळूच म्हणाला, "पोरगं भारीय, पण पाय एवढा वर नेला म्हंजे पट आयताच हातात की रे." पट काढणं म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला खाली पाडणं. कुस्तीवाल्याला समोरच्याचा वर आलेला पाय दिसतच नाही बहुतेक, त्याला खाली उरलेला एकटा पाय दिसतो. आणि खरं सांगायचं तर गेल्या सव्वाशे वर्षांत लाथ कामाची का धोक्याची यावर जेवढी भांडणं झाली ती सगळी इथेच येऊन अडकतात, समोरच्याला काय करायची परवानगी आहे त्यावर.

जपानच्या ओकिनावा बेटावरचं जुनं कराटे बघितलं तर त्यात लाथा बऱ्याचशा कमरेच्या खालीच, गुडघा, घोटा, फारतर पोट. डोक्याच्या उंचीच्या लाथा आल्या त्या कराटे टोकियोला जाऊन विद्यापीठांमधे शिकवायला लागल्यावर, आणि त्याचं श्रेय साधारणपणे कराटे टोकियोला नेणाऱ्या गिचिन फुनाकोशींचा मुलगा योशिताका याला देतात. म्हणजे आपण जे "पारंपरिक" म्हणून पोरांना शिकवतो त्यातलं बरंचसं १९३०-४० च्या आसपासचं आहे. तिकडे फ्रान्समधे वेगळंच चाललेलं. पॅरिसच्या गल्लीतली लाथाळी होती तिचं १९ व्या शतकात सावात नावाचं सभ्य, बूट घालून खेळायचं शास्त्र झालं, चार्ल्स लेकूर नावाच्या माणसाने त्यात इंग्लिश बॉक्सिंगचे हात मिसळले, कारण नुसत्या लाथांवर बॉक्सरसमोर भागत नाही हे त्याला अनुभवाने कळलेलं. १८९९ मधे पॅरिसला सावातवाला चार्ल्स शार्लमाँ आणि इंग्लंडचा बॉक्सर जेरी ड्रिस्कॉल अशी लढत झाली, शार्लमाँ लाथेवर जिंकला, आणि ती लाथ पोटात लागली की पोटाच्या खाली यावर वाद झाला तो झालाच.

आता मोठी उडी मारतो. २६ जून १९७६, टोकियोचं बुडोकान, मुहम्मद अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अँतोनियो इनोकी. नियमांनी इनोकीचे हात जवळजवळ बांधूनच टाकलेले, मग त्याने काय केलं, घंटा वाजली की धावत यायचा, पाठीवर लोळण घ्यायचा आणि खाली पडूनच अलीच्या पायांवर लाथा हाणायचा. पंधरा राउंड हेच! अलीने अख्ख्या लढतीत मोजून पाच-सहा ठोसे मारले असतील. निकाल बरोबरी, लोकांनी पैसे परत मागितले, रिंगमधे कचरा फेकला. त्या काळी सगळ्यांनी तमाशा म्हणून हसण्यावारी नेलं, पण अलीचे पाय सुजून काळेनिळे झालेले, रक्ताच्या गाठी झाल्या, हॉस्पिटल गाठावं लागलं. जगातला सगळ्यात चपळ पायांचा हेवीवेट आणि त्याचे पायच कामातून गेले, तेही आडव्या पडलेल्या माणसाकडून. मला ही लढत बघताना प्रत्येक वेळी वाटतं की खालच्या लाथेबद्दल जे पुढे कळायचं होतं ते सगळं इथे कळलेलं, फक्त कंटाळवाणं होतं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

थायलंडमधे मात्र हे आधीपासून माहीत होतं. मुए थाय या तिथल्या ठोसे-लाथांच्या खेळात लाथ मारतात ती पावलाने नाही, नडगीने, आणि कंबर पूर्ण फिरवून, म्हणजे बॅट फिरवल्यासारखं. पावलाच्या वरच्या बाजूची हाडं बारीक असतात, कोपरावर आपटली तर मोडतात, नडगी त्यामानाने लोखंड. १९६४ मधे मासुतात्सु ओयामांच्या क्योकुशिन कराटेचे तिघे बँकॉकला लुंपिनी स्टेडियममधे जाऊन थाई लोकांशी लढले, दोन जिंकले आणि एक हरला. हरलेला केंजी कुरोसाकी, आणि गंमत अशी की पुढचा इतिहास या हरलेल्या माणसामुळे घडला. तो परत येऊन थाई पद्धत शिकला, शिकवायला लागला, त्याच्याकडे हॉलंडहून यान प्लास शिकायला आला आणि त्याने १९७८ मधे ॲमस्टरडॅमला मेजिरो जिम काढलं. डच किकबॉक्सिंग म्हणून जे नाव झालं, हात-हात-आणि मग मांडीवर लाथ, ते इथून निघालं.

अमेरिकेत याच दशकात उलटंच. १९७४ मधे फुल काँटॅक्ट कराटे सुरू झालं, नियम काय तर लाथ कमरेच्या वरच. आणि थोड्याच दिवसांत असं दिसलं की खेळाडू लाथा मारतच नाहीयेत, नुसतं बॉक्सिंग करतायत! कारण साधंय, वर लाथ मारायला दम जास्त लागतो, वेळ जास्त लागतो, ठोसा अर्ध्या वेळात पोचतो. मग नियम करावा लागला की एका राउंडमधे निदान आठ लाथा मारल्याच पाहिजेत. विचार करा, जे शस्त्र खरंच उपयोगाचं असतं ते वापरायची सक्ती करावी लागते का? (बिल वॉलेससारखे अपवाद होतेच, त्याचा डावा पाय म्हणजे तिसरा हात होता, पण अपवाद तो अपवाद.)

या सगळ्याचा हिशेब लागला ५ नोव्हेंबर १९८८ ला लास वेगासमधे. रिक रूफस, अमेरिकेचा किकबॉक्सिंगमधला स्टार. समोर थायलंडचा चांगपुएक कियात्सोंगरित. कोपर-गुडघे बंद, पण मांडीवर लाथ चालेल असं ठरलं. पहिल्या राउंडमधे रूफसने त्याला खाली पाडला, जबडा मोडला, सगळ्यांना वाटलं संपलं. पण चांगपुएक उठला आणि मांडीवर एक, परत तिथेच एक, परत तिथेच, लाकूड फोडल्यासारखा. चौथ्या राउंडपर्यंत रूफसला उभं राहता येईना, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. रिकचा धाकटा भाऊ ड्यूक त्यावेळी चिडून म्हणाला की याला काय कौशल्य म्हणायचं, नुसत्या पायावर लाथा. पुढे तोच ड्यूक मुए थाय शिकला, मोठा कोच झाला आणि त्याचा चेला अँथनी पेटिस याने डिसेंबर २०१० मधे पिंजऱ्याच्या जाळीवर पाय देऊन उडी मारत बेन्सन हेंडरसनच्या तोंडावर लाथ घातली, ती क्लिप तुम्ही कुठेतरी पाहिलीच असेल.

१२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यात वेगवेगळ्या प्रकारच्या लढवय्यांची एकमेकांशी स्पर्धा, झाली, तिची पहिलीच फाइट लाथेवर संपली. हॉलंडचा जेरार्ड गोर्दो, सावातवाला म्हणून उतरलेला, त्याने खाली पडलेल्या सुमो खेळाडूच्या तोंडावर लाथ मारली, दात उडाला, २६ सेकंदांत खेळ खल्लास. पण त्याच लाथेत तुटलेल्या दाताचे तुकडे गोर्दोच्या पायात रुतले आणि तो तसाच पुढच्या फाइटी खेळला. फायनलला जमिनीवरच्या पकडींत मुरलेल्या रॉइस ग्रेसीने त्याला खाली घेतला आणि गळा आवळला. पुढची काही वर्षं हेच चित्र, किकवाला पाय उचलणार, कुस्तीवाला पट काढणार, आणि मग खाली मातीतलं गणित सुरू. मामाचं वाक्य तंतोतंत. लोक म्हणायला लागले की लाथ फक्त सिनेमात. मग मार्को रुआसने १९९५ मधे पॉल वॅरेलान्स नावाच्या जवळजवळ दीडपट वजनाच्या माणसाचा पाय लाथा मारमारून खलास केला, मॉरिस स्मिथसारखे किकबॉक्सर पट चुकवायला शिकले, आणि लाथ परत आली, पण आता आधी हात दाखवून, समोरच्याचं वजन पुढच्या पायावर आलं की मगच.

लाथ परत आल्यावर तिचा दुसरा धोका बाहेर आला, आणि तो समोरच्याकडून नाही, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यातला. मांडीवर येणाऱ्या लाथेला उत्तर म्हणजे गुडघा वर उचलून आपली नडगी आडवी घालायची, याला चेक म्हणतात. चेक करणाऱ्याचा गुडघ्याखालचा जाड भाग पुढे येतो आणि मारणाऱ्याची नडगी आपटते ती खालच्या, बारीक भागावर. म्हणजे जितक्या जोरात मारणार तितकं स्वतःलाच. २८ डिसेंबर २०१३ ला अँडरसन सिल्वाने ख्रिस वाइडमनला अशीच लाथ मारली, वाइडमनने चेक केलं, सिल्वाची डावी नडगी मधोमध वाकली. बघवत नाही ते. आणि आता ऐका, २४ एप्रिल २०२१, तोच वाइडमन, समोर युरायह हॉल, वाइडमनची पहिलीच लाथ, हॉलने चेक केलं आणि वाइडमनचा पाय तसाच मोडला, १७ सेकंदांत! हॉल एकही ठोसा-लाथ न मारता जिंकला. नियतीबियती मी मानत नाही, पण हे जरा अतीच झालं.

इथे एक कबुली देतो. आम्ही हॉस्टेलला असताना कुणीतरी सांगितलेलं की थाई लोक नडगीवर बाटली फिरवून हाड दगड करतात, म्हणून आम्ही तिघं महिनाभर सोड्याच्या बाटल्या फिरवत बसायचो. टेंगळं आली, हाड होतं तसंच राहिलं. हाड घट्ट होतं ते वर्षानुवर्षं जड बॅगवर बेताने लाथा मारून, आठ-नऊ वर्षांच्या वयापासून तेच करत आलेल्या पोरांचं, आणि ते सुद्धा चेकवर मोडू शकतं.

आता हल्लीची फॅशन म्हणजे पोटरीवरची लाथ, काफ किक. मांडीला निदान मांसाची गादी असते, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला मात्र पायाचा मज्जातंतू हाडाला चिकटून वरच्यावर जातो, तिथे दोन-तीन नीट बसल्या की पाऊल वर उचलता येत नाही, लुळं पडतं. शिवाय लाथ खालून येते म्हणून धरायला अवघड, म्हणजे पट काढायची भीती कमी. जानेवारी २०२१ मधे अबू धाबीला डस्टिन पॉइरियेने कॉनर मॅकग्रेगरचा पुढचा पाय असाच निकामी केला आणि दुसऱ्या राउंडला हातांनी संपवलं. जुलैत परत गाठ पडली तेव्हा मॅकग्रेगरनेच लाथांचा सपाटा लावला आणि पहिल्या राउंडच्या शेवटी मागे पाय टाकताना त्याचाच डावा पाय घोट्याच्या वर मोडला.

एवढं असूनही लोक डोक्यावर लाथ का मारतात? कारण लागली तर प्रश्नच मिटतो. ऑगस्ट २०२२ मधे लिऑन एडवर्ड्स कमारू उस्मानकडून हरत आलेला, शेवटचा राउंड, मिनिटभरसुद्धा उरलं नव्हतं, त्याने डावा हात दाखवला, उस्मान चुकवायला वाकला आणि बरोबर तिथे डावी नडगी आली. ती लाथ पाचव्या राउंडला लागली कारण त्याआधी चोवीस मिनिटं उस्मानला हात बघायची सवय लागलेली. तायक्वांदोत डोक्यावरच्या लाथेला जास्त पॉइंट मिळतात आणि तिथे पाय धरायला बंदी आहे, म्हणून तिथली पोरं एका पायावर उभं राहून दुसरा पाय तलवारीसारखा फिरवत राहतात, आणि त्या खेळात ते शंभर टक्के बरोबर आहे.

मामाला मी हे सगळं सांगितलं नाही, त्याला एवढं ऐकायचा धीर नाही. त्याला पूजा तोमरची फाइट दाखवली, जून २०२४ ची, यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय. उत्तर प्रदेशची पोरगी, वुशू या चिनी मार्शल आर्टमधली राष्ट्रीय विजेती. वुशूच्या सांडा प्रकारात लाथ पण चालते आणि आलेली लाथ धरून आपटायलाही पॉइंट असतात, त्यामुळे तिथे लाथ मारण्याइतकंच पाय परत खेचणं घोटून घेतात. मामाने दोन राउंड गप्प बघितलं, मग म्हणाला, "हिचा पाय परत लवकर येतोय." आणि उठून चहा टाकायला गेला.