सात सेकंदांचा डॉल्फिन

आग्वादच्या दीपस्तंभाचा उजेड केव्हाच मागे बुडाला होता. पौषातली अवस, वारा उत्तरेचा, शीड भरलेलं, आणि आमची होडी ताशी सहा नॉटिकल मैलांनी पश्चिमेकडे निघालेली. किनारा चाळीस मैल मागे राहिलेला. सुकाणूवर वेंगुर्ल्याचे काका होते. ते हळूच म्हणाले, "पुढे बघ, पाणी पेटलां."

नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, वाकून पाहिलं तर होडी ज्या रेषेत पाणी कापत होती, तेवढीच रेषा निळसर उजळत होती. तेवढ्यात डावीकडच्या अंधारातून दोन उजेडाच्या रेघा आमच्याकडे झेपावल्या. दिवाळीतले बाण पाण्याखालून सोडावेत तशा. नाळेपाशी येऊन त्या थबकल्या आणि प्रत्येक रेघेचा एकेक डॉल्फिन झाला. निमुळती चोच, पर, शेपटी, सगळं प्रकाशात कोरलेलं. शेपटी मात्र हलत नव्हती! तरी ते आमच्या पुढेच होते. मी श्वास रोखून पाहत राहिलो.

हा उजेड डॉल्फिनचा नसतो. गोव्याच्या समुद्रात हिवाळ्यात पाणी असं पेटतं, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव असतो. रव्याच्या कणाएवढा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. वाहत्या पाण्याचा ताण पेशीच्या पडद्यावर पडला की पडद्यातून विजेची एक लहर धावते. पेशीतलं आम्ल बारीक पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, शिरतं. तिथे ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) ल्युसिफेरिन या प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवतं आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ निळा प्रकाश चमकतो. उष्णता जवळजवळ नाहीच. थोडक्यात, पाणी जिथे घुसळलं जातं तिथेच उजेड पडतो. पुढच्या गोष्टीत हेच फार कामाला येणार आहे.

(अरबी समुद्रातल्या नॉक्टिल्युकाच्या पोटात हिरवं शैवाल राहतं, म्हणून दिवसा तेच पाणी हिरवंगार दिसतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी सहकाऱ्यांसह 2014 मध्ये मांडलं, की उत्तर अरबी समुद्रात हा जीव आता हिवाळ्यात प्रचंड वाढतो आणि ऑक्सिजन कमी झालेलं पाणी त्याच्या पथ्यावर पडतं. त्याला खाणारे मासे थोडेच. त्यामुळे हा उजेड पाहताना आनंद होतो आणि काळजीही वाटते.)

शेपटी न हलवता ते पुढे कसे जात होते? होडी पुढे सरकताना नाळेपुढचं पाणी ढकलते, तिथे दाब वाढतो. डॉल्फिन त्या दाबाच्या पट्ट्यात अंग आणि शेपटी नेमक्या कोनात धरतो आणि पाणीच त्याला पुढे रेटतं. घाटात सायकल उतारावर सोडून द्यावी तसं. फक्त इथे उतार सतत बरोबर चालत असतो.

डॉल्फिनच्या वेगाचं कोडं शास्त्रज्ञांपुढे आलं तेही जहाजावरून झालेल्या अशाच एका भेटीतून, आणि तीही हिंदी महासागरातली. जहाजावरच्या एका निरीक्षकाने घड्याळ लावून पाहिलं. डॉल्फिनने चालत्या जहाजाची मागून पुढपर्यंतची लांबी, 136 फूट, 7 सेकंदांत मागे टाकली. जहाजाचा स्वतःचा वेग धरला तर हा वेग ताशी 20 नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे 37 किलोमीटर होतो. 1936 मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी हा आकडा घेऊन हिशेब केला. उत्तर आलं की डॉल्फिनच्या स्नायूंना सस्तन प्राण्यांच्या स्नायूंच्या सातपट ताकद हवी. ते तर अशक्य! मग त्याच्या कातडीत पाण्याचं घर्षण कमी करणारी काही जादू असली पाहिजे, या समजुतीने पुढे कित्येक वर्षं शोध चालला.

या शोधात पेटलेलं पाणीही कामी आलं. पाणी घुसळतं तिथे उजेड, हे माहीत असल्यावर चमकणारा डॉल्फिन म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचा नकाशाच. 1998 मध्ये जिम रोर, मायकेल लॅट्झ आणि सहकाऱ्यांनी हाच उजेड वापरून डॉल्फिनच्या अंगावरून पाणी कसं वाहतं ते तपासलं. मी नाळेवरून जे नुसतं डोळे भरून पाहत होतो, ते त्यांनी मोजलं होतं, हे मला फार नंतर वाचायला मिळालं.

कोड्याचा उलगडा 2014 मध्ये झाला. फ्रँक फिश आणि टिमोथी वेई यांनी डॉल्फिनला बारीक बुडबुड्यांच्या पडद्यातून पोहायला लावलं आणि बुडबुडे कसे फिरतात यावरून शेपटीचा जोर काढला. झटक्याने वेग घेताना तो साडेपाच हजार वॅटच्या घरात, म्हणजे सात हॉर्सपॉवरहून थोडा जास्त भरला. कातडीत जादू नव्हती, स्नायू पुरेसे होते. ग्रे यांनी सात सेकंदांच्या धावेला दीर्घकाळ राबणाऱ्या स्नायूंचं माप लावलं होतं. शंभर मीटर धावणाऱ्याला मॅरेथॉनवाल्याचा हिशेब लावला तर कोडं पडणारच. पण ग्रे यांचा प्रश्न चुकला असं मला वाटत नाही. त्या प्रश्नामुळेच सगळे इतकी वर्षं पाण्यात बघत राहिले.

उजाडलं तेव्हाही ते बरोबर होते, आता दोनाचे तीसेक झालेले. एकाने हवेत उडी घेऊन स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि ओळख पटली. हे स्पिनर डॉल्फिन. रात्री खोल पाण्यातून वर येणारी छोटी मासळी हे त्यांचं अन्न. किनाऱ्यालगत सहलीच्या बोटींतून दिसतो तो वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन. तो नद्यांच्या मुखाशी, उथळ पाण्यात राहतो आणि सहसा नाळेपुढे खेळायला येत नाही. त्याची जात जागतिक पातळीवर धोक्यात आहे, आणि दिवसभर बोटींची इंजिनं त्याच्याच घरात घुमत असतात. मला हे सलतं.

परतताना मांडवीच्या तोंडाशी वारा पडला. काकांनी इंजिनाच्या किल्लीला हात घातला, तोच वीस हातांवर फुस्स झालं. राखाडी पाठ वर आली, तिच्यामागे पिल्लाची छोटी पाठ. काकांनी हात मागे घेतला. ओहोटी आम्हाला हळूहळू मागे ओढत होती, तरी ती दोघं पार आग्वादच्या खडकांपलीकडे जाईतो किल्ली फिरली नाही.