कोडाक्रोम बेसिन

अमेरिकेच्या यूटा राज्यातील, सुळक्यांसाठी ओळखले जाणारे राज्य उद्यान. ते राज्याच्या दक्षिण भागात, कॅननव्हिल गावाच्या आग्नेयेस सुमारे १४ किमी. अंतरावर असून समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण १,७७० मी. आहे. जवळच्या ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाला पर्यटकांची रीघ लागलेली असते. त्यांतले थोडेच इकडे वळतात. छायाचित्रकाराच्या ते पथ्यावरच पडते.

एखाद्या प्रदेशाला रंगीत फिल्मचे नाव मिळावे, हा प्रकार विरळाच. १९४८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीची मोहीम येथे आली आणि तिने कोडॅक कंपनीच्या ‘कोडाक्रोम’ फिल्मवरून या भागाला ‘कोडाक्रोम फ्लॅट’ म्हटले. १९६२ मध्ये उद्यान झाले, तेव्हा कंपनी हरकत घेईल या धास्तीने ‘चिमनी रॉक’ असे नाव देण्यात आले. पुढे कंपनीनेच परवानगी दिली. फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले, नाव मात्र उरले.

येथे ६७ शैलस्तंभ मोजले गेले आहेत. उंची सुमारे २ ते ५२ मी. ते कसे बनले, याविषयी दोन मते आहेत. भूकंपाच्या हादऱ्याने पाण्याने भरलेली वाळू वरच्या थरांत घुसली, असे एक मत; जुन्या झऱ्यांच्या वाटा गाळाने बुजल्या, असे दुसरे. भोवतालचा मऊ वालुकाश्म झिजला आणि टणक गाभा उभा राहिला.

गंमत अशी, की नाव रंगाचे असले तरी बरेचसे स्तंभ फिकट, राखाडी-पांढुरके आहेत. रंग आहे तो मागच्या तांबड्या कड्यांत. चांगले चित्र निघते ते या दोहोंच्या विरोधातून. त्यामुळे स्तंभामागे आकाश न घेता कडा येईल अशी जागा शोधावी. थोडे दूर उभे राहून लांब पल्ल्याची लेन्स वापरली की कडा जवळ ओढल्यासारखा दिसतो. दुपारच्या उन्हात दोन्ही सपाट होतात. मावळतीला एंजल्स पॅलेस या पायवाटेवरून खालच्या सुळक्यांच्या लांब सावल्या टिपता येतात.

डिजिटल कॅमेऱ्याची येथे एक खोड नडते. तांबड्या खडकावर लाल रंगाची नोंद इतरांआधी कमाल मर्यादेला पोचते. कॅमेऱ्यातला प्रकाशाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसतो, पण दगडाचा पोत पुसला जातो. म्हणून लाल रंगाचा आलेख वेगळा पाहून एक्स्पोजर (आत घेतला जाणारा प्रकाश) जरा कमी ठेवावे. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ‘ऑटो’वर ठेवल्यास संध्याकाळची ऊब कॅमेरा आपणहून काढून टाकतो, तो ‘डेलाइट’वर बरा. जुन्या कोडाक्रोमला रोल भरल्यावर ही निवडच नव्हती, शिवाय तिची संवेदनशीलता जेमतेम १० एएसए (आजच्या आयएसओसारखे माप) असल्याने तिवईवाचून संध्याकाळी निभाव लागत नसे.

चित्रात २ मी. आणि ५० मी.चा स्तंभ सारखाच दिसू शकतो. पायथ्याशी माणूस किंवा जुनिपरचे झुडूप असले, तरच माप कळते. मात्र त्यासाठी वाट सोडू नये: जमिनीवरची काळपट, खरबरीत साय सूक्ष्मजीवांची असते आणि पायाखाली मोडल्यास भरून यायला अनेक वर्षे लागतात.

२०२१ मध्ये उद्यानाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. अमावास्येला आकाशगंगा ठळक दिसते, पण स्तंभ निव्वळ काळ्या आकृती उरतात. दगडही दिसायला हवा असेल, तर कोवळ्या चंद्रकोरीची रात्र निवडावी.

शेक्सपिअर आर्च ही येथील कमान २०१९ मध्ये कोसळली. जुन्या चित्रांत ती दिसते.