सब्जेक्ट म्हणजे कर्ता नव्हे! इंग्रजी वाक्याचे भाग पाडायची पद्धत आली कुठून

परळला आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी सेमी इंग्लिशच्या मुलांना ग्रामर शिकवते, आणि दरवर्षी हेच होतं. फळ्यावर लिहायचं ‘द बेल वॉज रंग (rung) बाय द प्यून’, विचारायचं सब्जेक्ट कोण, की अर्धा वर्ग ओरडतो, टीचर प्यून! कारण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की सब्जेक्ट म्हणजे कर्ता आणि कर्ता म्हणजे करणारा, मग घंटा वाजवली कोणी तर प्यूननेच ना. बरोबर उत्तर आहे द बेल. पण मी मुलांना दोष देत नाही, घोळ त्या एका शब्दाच्या भाषांतरात आहे आणि तो बराच जुना आहे.

वाक्याचे दोन तुकडे करायचा विचार आपल्याला प्लेटोकडे सापडतो. त्याचं म्हणणं साधं होतं, ‘सिंह हरिण घोडा’ असं नुसतं म्हणत राहिलात किंवा ‘चालतो धावतो झोपतो’ असं म्हणत राहिलात तर वाक्य होत नाही, एक नाव आणि एक क्रिया जुळली की मग काहीतरी सांगितलं जातं. ॲरिस्टॉटलने हेच पुढे तर्कशास्त्रात नेलं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला त्याने जो ग्रीक शब्द वापरला त्याचा अर्थ ‘खाली असलेलं’, म्हणजे ज्याच्यावर बाकीचं बोलणं उभं राहतं ते. लॅटिनमध्ये त्याचं झालं सब्जेक्टुम, आणि त्याच्याबद्दल जे सांगितलं ते प्रेडिकेट. आता यात ‘करणारा’ कुठे आहे? कुठेच नाही. सब्जेक्ट हा शब्द मुळात ‘कशाबद्दल बोलतोय’ एवढंच विचारतो.

नाऊन, व्हर्ब वगैरे पार्ट्स ऑफ स्पीच ही वेगळी लाइन. ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती होत्या, त्यात आर्टिकल होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, मग त्या जागी इंटरजेक्शन आलं आणि आकडा परत आठच राहिला! आजही शाळेत आठच शिकवतात. पार्सिंग हा शब्दही लॅटिन शिकवणाऱ्यांकडूनच आलेला, ‘हा शब्द बोलण्याचा कुठला भाग’ या प्रश्नातला ‘पार्स’ म्हणजे भाग.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण 1586 सालचं, विल्यम बुलोकरचं, आणि तेही लॅटिनच्याच साच्यात. पण तोवर इंग्रजी लॅटिनसारखी राहिलीच नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्ती होत्या, ‘राजा’ आणि ‘राजाला’ यांची रूपं वेगळी, त्यामुळे शब्द पुढेमागे केले तरी कळायचं कोणी कोणाला मारलं. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले, आणि मग कोण कोण आहे हे सांगायचं काम शब्दाच्या जागेवर आलं. मला हा सगळ्यात मोलाचा मुद्दा वाटतो आणि तो शाळेत कोणी सांगत नाही. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’ क्रियापदसुद्धा आपल्या ‘आवडणे’सारखं चालायचं, म्हणजे ‘मला पुस्तकं आवडतात’ तसंच, आवडणारी वस्तू सब्जेक्टच्या जागी आणि माणूस ‘ला’ लावून. प्रत्यय गेले, पहिल्या जागेवरचा माणूसच सब्जेक्ट झाला, आणि आज आपण ‘आय लाइक बुक्स’ म्हणतो. म्हणून एखादा मुलगा ‘मी (me) लाइक बुक्स’ लिहितो ना, तेव्हा मला त्याच्यावर चिडता येत नाही, तो मराठीतून विचार करतोय आणि मराठीत ते ‘मला’च आहे.

आता मुंबई. 1795 साली लिंडली मरे नावाच्या अमेरिकन वकिलाने इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये राहून मुलींच्या शाळेसाठी इंग्रजी व्याकरण लिहिलं, ते तुफान चाललं, आणि इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या लोकांपर्यंतही आलं. दादोबा पांडुरंग तर्खडकर, 1814 साली मुंबईत जन्मलेले, यांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण काढलं ते मरेच्याच धर्तीवर. वयाच्या बावीस-तेवीसाव्या वर्षी! लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, पण पुस्तकाचा सांगाडा इंग्रजी आणि शब्द संस्कृतातले, हे लक्षात ठेवायला हवं, कारण खरी गाठ तिथेच पडते.

पाणिनीचं सूत्र आहे ‘स्वतन्त्रः कर्ता’, क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. ‘रामेण फलं खाद्यते’, म्हणजे ‘रामाकडून फळ खाल्लं जातं’, म्हटलं तरी राम कर्ताच राहतो, वाक्य कसंही फिरवा. इंग्रजीत वाक्य फिरवलं की सब्जेक्ट बदलतो. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, एक अर्थावर चालते आणि दुसरी वाक्यातल्या जागेवर, आणि आपण दोघांना एकच नाव देऊन बसलो.

खरं तर आपल्याकडे सब्जेक्टसाठी दुसरा शब्द आहे, तो येतो वाक्याचे रकाने पाडायच्या पद्धतीतून. एकोणिसाव्या शतकात बेकर नावाच्या जर्मन व्याकरणकाराच्या विचारांवरून इंग्लंडमध्ये जे. डी. मॉरेलने ‘ॲनालिसिस ऑफ सेंटेन्सेस’ची पद्धत बसवली, 1852 सालचं त्याचं पुस्तक, वाक्याचे सब्जेक्ट, प्रेडिकेट, त्यांचा विस्तार असे रकाने पाडायचे. अमेरिकेत 1877 मध्ये रीड आणि केलॉगने रेघांची आकृती काढली, आडवी रेघ आणि सब्जेक्ट-प्रेडिकेटमध्ये एक उभी रेघ. ती आकृती आपल्या शाळांत फारशी दिसत नाही, आपल्याकडे रकानेच टिकले, आधी नेसफिल्डच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांतून आणि मग 1930च्या दशकात मुंबईतूनच निघालेल्या रेन अँड मार्टिनमधून. मराठीत याला म्हणतात वाक्यपृथक्करण, आणि तिथे सब्जेक्टला शब्द आहे उद्देश्य, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं ते. अगदी अचूक शब्द. पण तो वरच्या वर्गात, मराठीच्या तासाला येतो, आणि इंग्रजी तर 2000 सालापासून पहिलीतच सुरू होतं, तेव्हा सहा वर्षांच्या पोराला उद्देश्य कसं सांगणार, म्हणून सोपं म्हणून ‘करणारा’ सांगतात आणि तेच डोक्यात बसतं.

मी आता अर्थ विचारतच नाही. वाक्याचा प्रश्न करा म्हणते. ‘वॉज द बेल रंग?’ वॉज उडी मारून ज्याच्या पुढे जाऊन बसला तो सब्जेक्ट. गेल्या आठवड्यात एका मुलीने ‘इट इज रेनिंग’चं ‘इज इट रेनिंग’ केलं आणि म्हणाली, टीचर, म्हणजे इट सब्जेक्ट, पण पाडतंय कोण पाऊस? म्हटलं कोणीच नाही, इंग्रजीला ती जागा रिकामी चालत नाही म्हणून तिथे इट बसवलाय.