सवलतीचं कार्ड आणि कॅम्पग्राउंडची मेंबरशिप: नाव एक, हिशोब दोन

गेल्या वर्षी टेक्सासमधल्या एका कॅम्पग्राउंडच्या (ट्रेलर लावून मुक्काम करायच्या जागेच्या) ऑफिसात आम्हाला दीड तास बसवून ठेवलं होतं. दोन रात्री फुकट मिळाल्या होत्या, त्याची ही वसुली. समोरचा हसरा तरुण कागदावर गुणाकार करत होता. रात्रीचे ६५ डॉलर, वर्षाला ६० रात्री, अशी दहा वर्षं. उत्तर आलं ३९ हजार. त्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या आणि शेजारी मेंबरशिपची किंमत लिहिली. ती अर्थातच इवलीशी दिसली. आमच्या ह्यांनी विचारलं, "आमच्याकडे एका क्लबची मेंबरशिप आधीच आहे, मग ही कशाला?" तो म्हणाला, "ते नुसतं डिस्काउंट कार्ड आहे." दीड तासात त्याने सांगितलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच.

घोळ इथेच होतो. इथे अमेरिकेत रिटायर झाल्यावर आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) घेणारी आपली बरीच मंडळी या दोन्ही गोष्टींना मेंबरशिपच म्हणतात, आणि विकणारेही तेच म्हणतात. एकीची वार्षिक फी दोन जणांच्या रेस्टॉरंटमधल्या जेवणाएवढी असते. दुसरीसाठी काही हजार डॉलर आधी मोजावे लागतात आणि पुढे वर्षानुवर्षं वर्गणी चालू राहते. पण फरक फक्त रकमेचा नाही.

पुण्यात शिकायला राहिलेल्यांना एका शब्दात कळेल. सवलतीचं कार्ड म्हणजे हॉटेलातलं कुपन. जेवलात तर बिल कमी, नाही जेवलात तर काही बिघडत नाही. मेंबरशिप म्हणजे खानावळीची मेस. पैसे महिन्याच्या सुरुवातीला भरायचे आणि गावाला गेलात तर ते खाडे तुमच्या खिशातून. मेस महाग की स्वस्त हे ताटावर ठरत नाही, खाड्यांवर ठरतं.

आधी कुपनांबद्दल, कारण त्यात फारसं काही अवघड नाही. गुड सॅम या आरव्ही क्लबचं कार्ड असेल तर त्यांच्याशी जोडलेल्या खासगी पार्कांत, म्हणजे खासगी कॅम्पग्राउंडांत, भाड्यावर १० टक्के सूट मिळते. केओए या कॅम्पग्राउंडच्या साखळीची स्वतःची योजना आहे, तीही साधारण तेवढीच सूट देते. पासपोर्ट अमेरिका हे कार्ड थेट निम्मं भाडं करतं, पण अटींसकट. बरेच पार्क शुक्रवार-शनिवार वगळतात, सुट्ट्यांचे आठवडे वगळतात, ऐन सीझनमध्ये सूट बंद ठेवतात, किंवा एकदोन रात्रींपुरतीच देतात. आपण रिटायर माणसं, मंगळवारी निघालो काय आणि गुरुवारी पोचलो काय, त्यामुळे या अटी आपल्याला नोकरदारांइतक्या बोचत नाहीत. वर्षाची फी पन्नासेक डॉलर धरा. ५० डॉलरच्या पार्कात दोन रात्री निम्म्या दरात काढल्या की वसूल. नाही झाली वसूल, तर पुढच्या वर्षी घेऊ नका. इतकं सोपं.

मेंबरशिपचं कूळ वेगळं. थाउजंड ट्रेल्स ही यातली बरीच जुनी आणि मोठी कंपनी. १९६९ मध्ये बोइंगमधून बाहेर पडलेल्या मिल्ट कुओल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यात चेहेलिसजवळ ती सुरू केली. (याच गृहस्थांनी पुढे होरायझन एअर ही विमान कंपनी काढली. चाकांवरून पंखांवर.) कल्पना अशी की लोकांनी आधी पैसे भरायचे, त्यांच्यासाठी फाटकाआडची कॅम्पग्राउंड राखायची, आणि मेंबराने तिथे रोजचं भाडं न देता राहायचं. जमीन तुमच्या नावावर होत नाही, मिळतो तो फक्त वापरण्याचा हक्क. २००८ मध्ये हा कारभार इक्विटी लाइफस्टाइल प्रॉपर्टीज या कंपनीकडे गेला आणि आता त्यांची ऐंशीच्या आसपास ठिकाणं आहेत. पण नकाशा नीट बघा. पश्चिम किनारा, टेक्सास, फ्लोरिडा आणि पूर्वेकडची राज्यं, इथे गर्दी. रॉकी पर्वतरांगा आणि मधली मैदानी राज्यं जवळपास कोरी. यलोस्टोनला निघालेल्याला या मेंबरशिपचा काहीच उपयोग नाही. योसेमिटीला निघालेल्याला आहे, कारण उद्यानाच्या बिग ओक फ्लॅट दाराजवळ, रस्ता क्रमांक १२० वर त्यांची एक मोठी जागा आहे.

याच मेंबरशिपचा एक हलका अवतार म्हणजे एका विभागापुरता वार्षिक पास, आणि गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. दिसतो कार्डासारखा, वर्षाचाच असतो, पण जात मेसची. आम्ही पाहिला त्या पासाचा नियम असा होता: एका ठिकाणी जास्तीत जास्त १४ रात्री, मग ७ रात्री त्यांच्या जाळ्याबाहेर. मुक्काम चार रात्रींपेक्षा जास्त नसेल तर लगेच त्यांच्याच दुसऱ्या पार्कात जाता येतं. म्हणजे लांब मुक्काम करणाऱ्याला दर तीन आठवड्यांतला एक आठवडा बाहेर भाडं भरून काढावा लागतो. हा आठवडा विक्रेत्याच्या गुणाकारात कधीच नसतो. महागडे करार घेतले की हे बाहेरचे दिवस कमी होतात किंवा संपतात, आणि तिथूनच 'अपग्रेड'चं पुराण सुरू होतं.

आता आकड्यांकडे. पास समजा ७०० डॉलरचा आहे आणि बाहेरचं भाडं रात्रीला ५०. भागाकार केला की १४ रात्रींत पैसे फिटले. हे ऐकून कुणीही सही करेल. पण तुमची बाहेरची रात्र खरंच ५० डॉलरची असते का?

वयाची ६२ पूर्ण केलेल्या अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास मिळतो. आयुष्यभरासाठी ८० डॉलर. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत तो १० डॉलरला होता, आणि आम्ही तेव्हा आळस केला हे दुःख आमच्या घरात अजून ताजं आहे. या पासावर आजी-आजोबांसोबत गाडीत बसलेले सगळे सहसा उद्यानात शिरतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडांत त्यावर साइटचं, म्हणजे गाडी लावायच्या जागेचं, भाडंही निम्मं होतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. राष्ट्रीय उद्यानं, वनखातं, आणि आमची लाडकी आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सची (धरणं सांभाळणाऱ्या लष्करी खात्याची) धरणाकाठची कॅम्पग्राउंड. ठेकेदाराने चालवलेल्या जागांत मात्र ही सूट गृहीत धरू नका. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिज या आरव्ही पार्कात पाणी, वीज, ड्रेनेज सगळं मिळतं, पण निम्मं भाडं तिथे नाही. आणि भारतातून टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आईवडिलांना हा पास त्यांच्या नावाने मिळत नाही, मग वय ऐंशी का असेना.

कोअरची साइट कशी असते ते सांगते, म्हणजे तुलना कळेल. तळ्याकडे तोंड करून सिमेंटचा ओटा, शेजारी एक टेबल, चूल म्हणून लोखंडी कडं, एका खांबावर वीज आणि पाण्याचा नळ. ड्रेनेजची जोडणी बहुतेक ठिकाणी नाही. निघताना ट्रेलर डम्प स्टेशनवर नेऊन सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, हे काम ह्यांचं, आणि मी तेव्हा जाणीवपूर्वक लांब उभी राहते. पोहण्याचा तलाव नाही, बिंगो नाही, क्लबहाउस नाही. फोडणी मी बाहेरच्या शेगडीवर देते, नाहीतर ट्रेलरमधला धुराचा अलार्म केकाटतो. समजा अशा साइटचं भाडं २८ डॉलर, सीनियर पासावर झालं १४. आता त्याच ७०० ला १४ ने भागा. वसुलीला ५० रात्री लागतात. पास तोच, किंमत तीच. तुलना कशाशी करायची एवढंच बदललं.

त्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर आम्ही गाडीतच ह्यांची वही उघडली. रोजचा मुक्काम, भाडं, डिझेल, सगळं त्यात असतं. आधीच्या वर्षी एकूण ५८ रात्री बाहेर काढलेल्या. त्यातल्या १७ मुलाच्या न्यू जर्सीच्या ड्राइव्हवेत (सोसायटीचं पत्र आलं तो भाग वेगळा), १४ स्टेट पार्कांत, १२ कोअरच्या तळ्यांवर आणि १५ खासगी पार्कांत. त्या १५ पैकी पासाच्या जाळ्यात बसल्या असत्या अशा रात्री किती? सहा. ७०० भागिले सहा, रात्रीला ११६ च्या वर. ज्याने ६० रात्री धरल्या होत्या त्याला आमचे खाडे माहीत नव्हते.

आमचा सगळ्यात मोठा खाडा तर वहीतही नाही. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही पुण्याला जातो आणि फेब्रुवारी संपता परत येतो. तो काळ ट्रेलर झाकून उभा असतो. या मेंबरशिपांचा खरा मेवा मात्र त्याच महिन्यांत असतो. उत्तरेकडची थंडी टाळायला लोक फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनाकडे उतरतात, तेव्हा खासगी भाडी चढतात आणि मेंबर निवांत असतो. आपल्यातली जी जोडपी हिवाळा पुण्या-मुंबईत काढतात, त्यांनी हा पास घेणं म्हणजे आंबे संपल्यावर आमरसाच्या मेसचे पैसे भरणं.

मोठ्या कराराचं गणित याहून नाजूक. समजा आधी ५,००० आणि मग दरवर्षी ६०० वर्गणी. तुम्ही सात वर्षं आरव्ही चालवाल असं धरलं तर एकूण ९,२००, म्हणजे वर्षाला तेराशेच्या थोडं वर. ४० रात्री राहिलात तर रात्र ३३ डॉलरला पडते, २० राहिलात तर ६६ ला. आणि सात वर्षं हा आशावादी आकडा असू शकतो. गुडघे आहेत, मोतीबिंदू आहे, रात्री गाडी चालवणं नकोसं होतं. वर्गणी मात्र वाढत राहते, आणि करार संपवायचा असेल तर तो कसा संपतो हे त्याच कागदांत बारीक अक्षरांत असतं. तेच आधी वाचा. जुने करार लोक मूळ किमतीच्या मानाने अगदी थोडक्यात विकायला काढतात. नावावर करून घ्यायची फी वेगळी पडते आणि काही सोयी दुसऱ्या मालकाकडे येत नाहीत. तरी घ्यायचाच असेल तर मी आधी तिथे बघेन.

सही करून पस्तावलात तर? घरी येऊन विकलेल्या मालासाठी तीन दिवसांत करार मोडण्याचा केंद्राचा नियम आहे, पण विक्रेत्याच्या स्वतःच्या कायमच्या जागेत झालेल्या विक्रीला तो लागत नाही. अनेक राज्यांचे या मेंबरशिपांसाठी वेगळे कायदे आहेत आणि रद्द करायची मुदत करारावरच छापलेली असते. त्या मुदतीत लेखी कळवायचं, फोनवर नाही. आम्हाला "ही किंमत फक्त आजची" असं सांगितलं गेलं. मी ह्यांना मराठीत म्हटलं, "अहो, लोणावळ्याच्या टाइमशेअरवाल्यानेही हेच सांगितलं होतं." तिथेच विषय संपला.

मग मेस कुणाला परवडते? कोअरच्या एका तळ्यावर भेटलेलं जोडपं घर विकून कायमचं रस्त्यावर राहत होतं. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, वर्षाला दोनशेच्या आसपास रात्री त्याच जाळ्यात. ७०० च्या पासाला ती रात्र साडेतीन डॉलरला पडली असती. त्यांना १४ आत, ७ बाहेर याचाही जाच नव्हता, बाहेरचा आठवडा ते लेकीकडे काढायचे. वीकएंडच्या जागा पटकन भरतात ही त्यांची तक्रार होती, पण बुधवारी येऊन बुधवारी जाणाऱ्याला त्याचं काय. शिवाय बाईंना माणसं लागत. पत्ते, सामुदायिक जेवण, रविवारचा नाच. हे कोअरच्या तळ्यावर मिळत नाही आणि त्याचा भागाकार करता येत नाही. त्यांनी घेतलं ते योग्यच.

आम्ही निम्म्या भाड्याचं कार्ड ठेवलंय आणि सीनियर पास आहेच. मुलगी सध्या पोर्टलंडला नोकरी बघतेय. ती मिळाली तर वायव्य विभागाचा पास एक वर्ष घेऊन बघायचा, कारण ओरेगनच्या किनाऱ्यावर पॅसिफिक सिटी आणि फ्लॉरेन्स, दोन्हीकडे त्यांच्या जागा आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर ह्यांनी तसं लिहून ठेवलंय. पेन्सिलीने.