फ्लॅश नॅनोकॉम्प्लेक्सेशन

डीएनए, आरएनए किंवा प्रोटीन पॉलिमरच्या बारीक कणांत बांधून पेशीत पोचवायचं असतं, ते कण भरपूर आणि दर वेळी एकसारखे बनवायची ही पद्धत. डीएनएवर ऋण भार, पॉलिइथिलीनइमाइन उर्फ पीईआय सारख्या पॉलिमरवर धन भार, दोन्हीची पाण्यातली द्रावणं भेटली की कण आपोआप जमतात, फक्त फार पटकन जमतात. काही मिलिसेकंदांत काम होऊन जातं आणि पिपेटने घालून ट्यूब हलवायला तर सेकंद लागतात, त्यामुळे नीट मिसळायच्या आधीच कुठे पॉलिमर जास्त कुठे डीएनए जास्त असे लहानमोठे गोळे होतात, आणि हातानं केलेल्या दोन बॅच जुळत नाहीत. या पद्धतीत दोन धारा एका चिमुकल्या खोलीत समोरासमोर जोरात आदळवतात, म्हणजे कण जमायच्या आधी मिसळणं उरकलेलं असतं.

उगमाबद्दल मतं वेगळी आहेत. काही जण १९२९ पर्यंत मागे जातात, तेव्हा बुंगेनबर्ग डी यॉन्ग आणि क्रूइट यांनी विरुद्ध भाराच्या कलिलांचं (पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं) एकत्र येणं, म्हणजे कोॲसर्व्हेशन, मांडलं होतं. काही जण फ्रान्समधल्या फेसी यांच्या १९८९ च्या नॅनोप्रेसिपिटेशनला मूळ मानतात, पण तिथे पॉलिमर सेंद्रिय द्रावकात विरघळवून पाण्यात टाकतात आणि इथे दोन्ही धारा पाण्याच्याच, म्हणून हे नातं जरा लांबचं वाटतं. धारा आदळवायचं तंत्र मर्क या औषध कंपनीच्या १९९४ च्या पेटंटमध्ये औषधांचे बारीक स्फटिक करायला वापरलंय, २००३ मध्ये प्रिन्स्टनच्या जॉन्सन आणि प्रुडोम यांनी त्यावरून फ्लॅश नॅनोप्रेसिपिटेशन उभं केलं, आणि जॉन्स हॉपकिन्समधल्या हाय-क्वान माओ यांच्या गटानं साधारण २०१५ नंतरच्या काळात तेच डीएनए आणि प्रोटीनसाठी पाण्यात आणलं. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर हीच साखळी जास्त पटते, कोॲसर्व्हेशनने रसायन कळतं पण वेगाचा प्रश्न तिथे नव्हताच.

दोन तोंडांच्या मिक्सरमध्ये दोन्ही धारांचा जोर जवळपास सारखा लागतो, चार तोंडांच्या भोवरा मिक्सरमध्ये कमीजास्त चालतं. प्रवाह अखंड असल्याने जास्त माल हवा तर जास्त वेळ चालवायचं, मिक्सर मोठा करायची गरज नाही. कोविडच्या वेळी फायझरनं एमआरएनए लसीचे लिपिड कण करताना मिक्सर मोठा न करता तसेच अनेक मिक्सर जोडीला लावले, कण पॉलिमरचे नव्हते पण युक्ती हीच.

कणांचा आकार किती हवा हे कामावर ठरतं. लेंटिव्हायरस (पेशींत जनुकं पोचवायला वापरतात तो विषाणू) बनवायला पेशींत डीएनए घालताना ४०० ते ५०० नॅनोमीटरचे कण उत्तम ठरले, असं माओ गटाच्या २०२१ च्या कामात आहे, शरीरात टोचायला मात्र याहून बरेच लहान लागतात. प्रोटीनमध्ये तोंडावाटे द्यायच्या इन्सुलिनचे कायटोसान (कवचांपासून मिळणारा धन भाराचा पॉलिमर) कण याच पद्धतीने केलेत.

पेशीत गेलेले कण आधी आम्लधर्मी पिशव्यांत अडकतात, तिथून पीईआय बाहेर कसं सुटतं यावर १९९५ पासून 'प्रोटॉन स्पंज' ही कल्पना सांगतात, म्हणजे पीईआय आम्ल शोषतं आणि पिशवी फुगून फुटते, पण २०१३ मध्ये लायसोसोमचा, म्हणजे अशा पिशव्यांचा, पीएच मोजला तेव्हा तो पीईआयमुळे बदललेला दिसला नाही, तेव्हा ती जपूनच घ्यावी.