बोटं वळली म्हणजे बाधा झाली का?

शिमग्यात आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. अंगणात पालखी नाचतेय, ढोल टिपेला पोचलेत आणि गर्दीतली एक तरुण मुलगी धापा टाकत खाली बसते. तिचे दोन्ही हात मनगटात वाकलेले, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटलेली, अंगठे तळव्यात ओढले गेलेले. खाली लगेच दोन तट पडले. गावातले म्हणाले, "तिका भायरचा लागला." मुंबईच्या चाकरमान्यांनी लिहिलं, "नाटकं नुसती!" त्या मुलीला काय झालं होतं ते मला माहीत नाही, आणि मोबाइलवर बघून कुणी तिचं निदान करूही नये. पण मी रसायनशास्त्र शिकवतो. तसे वळलेले हात देवाशिवाय आणि नाटकाशिवायही होतात, आणि ते का होतात हा माझ्या फार आवडीचा विषय आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मनाच्या आजारांसाठी आपल्याकडे दोनच कप्पे असतात, 'टेन्शन' आणि 'वेड'. पहिल्यावर उपाय म्हणजे "जरा मन रमव", दुसऱ्यावर "रत्नागिरीला न्या". रत्नागिरीचं मनोरुग्णालय इंग्रजी अमदानीपासून आहे, त्यामुळे अख्ख्या कोकणात त्या गावाचं नाव असं धमकीसारखं वापरलं जातं. तज्ज्ञांकडे मात्र कप्पे बरेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची 'डीएसएम' नावाची वेगळी पोथी आहे, तिची पाचवी आवृत्ती २०१३ची. हिवतापाचा जंतू रक्ताच्या काचपट्टीवर दिसतो, नैराश्य असं कुठल्या पट्टीवर दिसत नाही. म्हणून इथे लक्षणांची जुळणी बघतात, ती किती दिवस टिकली ते बघतात आणि त्यापायी माणसाचं काम, झोप, नातीगोती किती बिघडली ते बघतात.

अंगात येण्यालाही या अकराव्या आवृत्तीत जागा आहे. मात्र जे आपल्या समाजात रूढ धार्मिक विधीचा भाग म्हणून होतं, ते आजारात धरायचं नाही असं तिथे स्पष्ट म्हटलंय. ते नको असताना वारंवार येऊ लागलं, त्याचा त्रास होऊ लागला, रोजचं जगणं अडलं, तरच तो विकार. म्हणजे जत्रेत ज्याच्या अंगात वारं येतं आणि दुसऱ्या दिवशी जो आपल्या काजूच्या बागेत कामाला जातो, त्याला कुणी रुग्ण म्हणत नाही. आमच्या ग्रुपवरच्या उत्साही विवेकवाद्यांनी हे जरूर वाचावं.

मनाच्या आजारांच्या मोठ्या कुळांपैकी, म्हणजे गटांपैकी, सगळ्यात ओळखीचं भावविकारांचं. नैराश्यात किमान दोन आठवडे जवळजवळ रोज मन खचलेलं असतं किंवा कशातच रस वाटत नाही, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडते. द्विध्रुवी विकारात अधूनमधून उलटं टोक येतं: झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, कर्ज काढून चार होड्या घ्याव्याशा वाटतात. इथे एक टोला हाणतो. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं की नैराश्य येतं' हे वाक्य जाहिरातींनी आणि रीलवाल्यांनी इतकं घोटलंय की ते सिद्ध झालेलं सत्य वाटतं. ते पुराव्यावर टिकलेलं नाही. गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो, हे टिकलंय. ही दोन विधानं वेगवेगळी आहेत. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

मंत्रचळ हे वेगळं कुळ. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो शमवायला हात धुणं, कडी तपासणं, मोजणं चालू होतं. आघातानंतरच्या विकारांचं कुळ आणखी वेगळं. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये ज्यांनी पहिल्या मजल्याकडे चढत येणारं पाणी पाहिलं, त्यांच्यातल्या बहुतेकांची भीती हळूहळू ओसरली असेल. काहींना मात्र कौलांवर पाऊस वाजू लागला की तो दिवस आठवत नाही, तो दिवस परत घडतो.

आता चिंताविकार, आणि त्यातला माझा लाडका पॅनिक अटॅक. अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, आता मरणार असं वाटतं. बहुतेकदा दहाएक मिनिटांत तो कळस गाठतो. माणसाला दवाखान्यात नेतात, ईसीजी नॉर्मल येतो, डॉक्टर म्हणतात "काही नाही, गॅस असेल". मग घरात कुजबुज सुरू होते की राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, काही चुकलंय, नारळ ठेवला नाही.

पण "काही नाही" हे चूक आहे. त्या वेळी रक्तात खरोखर उलथापालथ झालेली असते.

शाळेत शिकलेलं आठवा: कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनतं. सोड्याची बाटली उघडून ठेवली की वायू निघून जातो आणि सोड्याचा आंबटपणा उतरतो. आपलं रक्तही असंच कार्बन डायऑक्साइड धरून असतं आणि फुप्फुसं ही त्या बाटलीची गोळी. धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो, रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास. भीतीने श्वास जोरात सुरू झाला आणि फुप्फुसांतून हवा दुप्पट खेळू लागली, की हा दाब निम्म्यावर येतो. पीएच चढतो, रक्त जास्त अल्कधर्मी होतं. ऑक्सिजन मात्र वाढत नाही, कारण ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं.

पुढे दोन गोष्टी एकदम होतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवून असतात. तो घटला की त्या आकसतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त कमी होऊ शकतो. त्यात अल्कधर्मी रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, सहज सोडत नाही. म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरपूर आणि मेंदूला मात्र तुटवडा. डोकं गरगरतं, आजूबाजूचं जग खोटं वाटू लागतं, गुदमरल्यासारखं होतं. गुदमरतोय म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो, आणि तुटवडा आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट त्या बोटांची. रक्तातलं साधारण निम्मं कॅल्शियम मोकळं फिरतं, उरलेलं बरंचसं अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिनवरच्या ऋणभारित जागा हायड्रोजन आयन आणि कॅल्शियम आयन या दोघांनाही हव्या असतात. आम्लता घटली की हायड्रोजन जागा सोडतो आणि मोकळं कॅल्शियम तिथे जाऊन बसतं. एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, मोकळं तेवढं घटतं. मज्जातंतूंच्या पटलावरची सोडियमची दारं बंद ठेवायला हे मोकळं कॅल्शियम मदत करत असतं. ते कमी झालं की ती दारं किरकोळ कारणाने उघडतात आणि मज्जातंतू आपोआप ठिणग्या टाकू लागतात. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, मग स्नायूंना पेटके. मनगट वाकतं, बोटं ताठ होतात, अंगठा आत ओढला जातो. हा आकार म्हणजे सोंग नव्हे. इथे तो आपोआप होतो आणि श्वास संथ झाला की आपोआप सुटतो. भगताने अंगारा लावल्यावर बोटं सुटतात याचं श्रेय अंगाऱ्याला जातं, पण तोवर माणूस दमून हळू श्वास घेऊ लागलेला असतो.

हा फेरा सुरू कसा होतो? डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली मांडलं की शरीरातल्या साध्या बदलाचा, म्हणजे चढण चढल्यावरच्या धडधडीचा, 'आता हार्ट अटॅक' असा अर्थ लावला जातो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. डोनाल्ड क्लाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचं म्हणणं निराळं होतं: गुदमरण्याची सूचना देणारी यंत्रणाच काहींमध्ये अतिसंवेदनशील असते. याला जोडून एक विलक्षण रुग्ण आहे. संशोधनात तिला 'एस. एम.' म्हणतात. एका दुर्मिळ आजाराने तिच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा अमिग्डाला, म्हणजे भीतीशी निगडित भाग, निकामी झाला. साप, कोळी, कशाचीच तिला भीती वाटत नसे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली, म्हणजे गुदमरल्यासारखं वाटायला लावणारी हवा हुंगायला दिली, तर तिला जबरदस्त पॅनिक अटॅक आला! बाहेरच्या भीतीची वाट एक आणि आतून येणाऱ्या गुदमरण्याची वाट दुसरी, असा त्याचा अर्थ लावतात.

उपचारांत हेच रसायन कामाला लावतात. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला समोर बसवून मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावतात, मुंग्या आणतात आणि त्यात जीव जात नाही हे त्याला स्वतः अनुभवू देतात. नैराश्यावरच्याच काही गोळ्या इथेही चालतात, गुण यायला काही आठवडे लागतात. असा झटका पहिल्यांदाच आला तर मात्र ईसीजी करून घ्यायचाच, थायरॉइड आणि रक्तही तपासायचं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता टाळतात, कारण झटका खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर ती पिशवी जिवावर बेतते.

माझ्या लाडक्या विषयात जागा संपत आली, त्यामुळे बाकीची कुळं धावत. छिन्नमनस्कतेत (स्किझोफ्रेनियात) कुणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजाऱ्याने करणी केल्याची पक्की खात्री पटते. औषधं लवकर सुरू झाली तर अनेकजण पुन्हा कामाला लागतात. स्वमग्नता, अतिचंचलता हे मेंदूच्या जडणघडणीतले फरक, लहानपणीच दिसतात. स्मृतिभ्रंश बहुधा उतारवयातला. व्यक्तिमत्त्वविकारांबद्दल तज्ज्ञांमध्येच एवढे वाद आहेत की त्याला वेगळा लेख हवा.

व्यसनांच्या कुळातली एक गोष्ट मात्र आपल्याकडे हमखास फसवते. रोज दारू पिणारा माणूस आंब्याच्या झाडावरून पडतो, पाय मोडतो, हॉस्पिटलात दाखल होतो. दारू एकदम बंद. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो थरथरू लागतो, घामाघूम होतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेल्या काकाशी बोलतो. नातेवाईक ठरवतात की झाडावरचंच काहीतरी सोबत आलं. हा दारू तुटल्याचा उन्माद आहे, आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. झटके आणि थरथर रोखणारी औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, वेळेत मिळालं तर बहुतेकजण काही दिवसांत सावरतात. म्हणून पाय मोडून दाखल करतानाच, लाज बाजूला ठेवून, रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली हे डॉक्टरांना सांगावं.